टॅब, स्पेस आणि दोन काफ

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शहाद्याच्या घरात भांडण झालं. गोश्तच्या वाटणीवरून नाही, तशी भांडणं आमच्याकडे पहिल्याच दिवशी उरकतात. हे झालं कीबोर्डवरच्या टॅब नावाच्या बटणावरून.

भाचा पुण्याहून आला होता. तिथे एका कंपनीत प्रोग्रामर आहे. माझी मुलगी इथेच बीएस्सी कॉम्प्युटर करते. तिचा पायथॉनमधला प्रोग्राम चालत नव्हता म्हणून तिने त्याच्यापुढे लॅपटॉप ठेवला. "भाईजान, सगळं बरोबर दिसतंय, तरी एरर येतोय." त्याने दोन मिनिटं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. अर्धा प्रोग्राम तिने घरी लिहिला होता, अर्धा कॉलेजच्या लॅबमध्ये नोटपॅडवर. घरच्या ओळी स्पेस देऊन आत सरकवलेल्या, लॅबमधल्या टॅबने. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

ज्यांना प्रोग्रामिंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मलाही तोवर माहीत नव्हतं. आपण निबंधात परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत घेतो, तशा प्रोग्राममधल्या काही ओळी आत घेतात. बहुतेक भाषांमध्ये ही सोय वाचणाऱ्या माणसासाठी असते, यंत्राला काही फरक पडत नाही. पायथॉनमध्ये मात्र ओळ किती आत आहे त्यावरून ती कोणाच्या हाताखाली आहे ते ठरतं. 'जर' नंतरच्या चार ओळी आत असतील तर त्या 'जर'च्या ताब्यात, बाहेर आल्या की सुटल्या. आणि आत सरकायचे रस्ते दोन आहेत. टॅबचं बटण एकदा दाबा, किंवा चार वेळा स्पेस द्या. यंत्राच्या लेखी टॅबचा क्रमांक ९ आणि स्पेसचा ३२. दोघेही कागदावर दिसत नाहीत, दिसते ती फक्त मोकळी जागा.

भाचा स्पेसवाला. त्याचा रूममेट टॅबवाला. भाच्याने हसत हसत त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि पुढचा पाऊण तास शीरखुर्मा थंड होत राहिला. मग गाडी एडिटरवर गेली. प्रोग्राम कशात लिहायचा, हा या जमातीतला दुसरा जुना वाद. भाचा विमवाला. रूममेट म्हणे ते म्हाताऱ्यांचं हत्यार आहे. माझी मुलगी मध्येच म्हणाली, "आमचे सर म्हणतात हे जगभर चालतं, याला होली वॉर म्हणतात." म्हणजे धर्मयुद्ध! टॅबच्या बटणासाठी! मी हा शब्द असाच गमतीत बसस्टँडच्या चहाच्या टपरीवर उच्चारला असता तर चार माना वळल्या असत्या. असो.

माझी पहिली प्रतिक्रिया कोणत्याही मास्तराची असते तीच होती. शिकलेली मुलं, चांगला पगार, आणि भांडताहेत कशावरून? मी तसं बोललोही. भाचा म्हणाला, "मामू, पगाराचंच म्हणाल तर २०१७ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोच्या सर्वेक्षणातून निघालं होतं की स्पेस वापरणाऱ्यांचा पगार टॅबवाल्यांपेक्षा जास्त असतो." बीएडला शैक्षणिक संख्याशास्त्र शिकताना एक गोष्ट आमच्या डोक्यात ठोकून बसवली होती, की सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे. मी ती त्याला ऐकवली. तो म्हणाला, हो, पण टॅबवाल्यांना चिडवायला बरं पडतं.

त्या पाऊण तासात मी ऐकलं ते मात्र डोक्यात राहिलं. मेक नावाचं एक साधन आहे, १९७६ मध्ये बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी बनवलेलं. त्यात ठरावीक ओळींच्या सुरुवातीला टॅबच लागतो, स्पेस दिली तर चालत नाही. ही अडचणीची गोष्ट आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं होतं. पण तोवर वापरणारे डझनभर लोक झाले होते आणि त्यांची घडी मोडायला नको म्हणून ते तसंच राहू दिलं. डझनभर लोकांच्या सोयीसाठी राहिलेली गोष्ट पुढे लाखो लोक पन्नास वर्षं भोगताहेत. विमचं तसंच. त्यात कर्सर डावी-उजवीकडे, खाली-वर न्यायला एच, जे, के, एल ही अक्षरं दाबतात. का, तर त्याचा पूर्वज व्हीआय हा एडिटर बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीला लिहिला, तेव्हा त्यांच्यापुढे जे यंत्र होतं त्यावर बाणाच्या खुणा याच चार बटणांवर छापलेल्या होत्या. यंत्र भंगारात गेलं, बोटांची सवय उरली.

इथे मला हसू येईना, कारण माझी बोटं आठवली. मी मराठी टायपिंग शिकलो ते टाइपरायटरवर. मराठी तीसची परीक्षा, क्लासमध्ये वीस यंत्रांचा खडखडाट, आणि बोटांत बसलेला रेमिंग्टनचा कीबोर्ड. त्यात अक्षरं कुठे आहेत याला काही तर्क नाही. पुढे संगणक आले आणि इन्स्क्रिप्ट आला. हा कीबोर्ड १९८६ मध्ये सरकारी पातळीवर ठरला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि मराठी, गुजराती, तेलुगू, बंगाली, सगळ्यांना मांडणी एकच. विचार करून बनवलेली वस्तू आहे. पण माझ्या पिढीच्या टायपिस्टांनी तिचा इतका राग केला की विचारू नका. कारण शिकायला कठीण होती म्हणून नाही, तर तीस शब्दांचा वेग कमावलेल्या माणसाला पुन्हा पहिलीत बसवत होती म्हणून. आता तर पोरं इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवतात आणि आम्हा दोघांनाही हसतात.

उर्दूचं भांडण यापेक्षा मोठं होतं आणि त्यात मी चुकीच्या बाजूला होतो. निदान अर्धा चुकीच्या.

आमच्या शाळेत प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये व्हायच्या. दिल्लीच्या कंपनीने १९९४ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर. त्याआधी उर्दू छपाई म्हणजे कातिबाच्या हातचं काम, कारण नस्तालिक लिपी खिळ्यांत बसत नाही. शब्द तिरपा उतरतो, अक्षर शेजाऱ्याला पाहून आकार बदलतं. मिर्झा अहमद जमील यांनी १९८० च्या सुमारास हजारो अक्षरबंध हाताने लिहून नूरी नस्तालिक तयार केलं, तेव्हा कुठे उर्दू वर्तमानपत्र यंत्रावर चढलं. ते सौंदर्य इनपेजने आमच्यासारख्या तालुक्याच्या गावापर्यंत आणलं. पण जुन्या इनपेजची फाईल दुसरीकडे उघडत नसे. मजकूर त्याच्या स्वतःच्या सांकेतिक भाषेत, युनिकोडमध्ये नाही. शाळेत नवीन आलेले एक तरुण शिक्षक म्हणायचे, सर, वर्डमध्ये युनिकोडमध्ये करू, मोबाइलवरही दिसेल. मी म्हणायचो, दिसेल, पण नस्खमध्ये दिसेल, अरबी दिसेल. माझी मुलं नस्तालिक वाचतात. आम्ही दोघं कित्येक वर्षं एकाच टेबलावर बसून दोन सॉफ्टवेअरमध्ये काम करत राहिलो. तो त्याच्यात, मी माझ्यात. स्टाफरूममध्ये याचे विनोद व्हायचे.

आता ती गोष्ट. गावातल्या एका ट्रस्टकडून दरवर्षी काही मुलींना वह्या-पुस्तकं आणि फीची मदत मिळायची. मुलींची वर्गवार यादी माझ्याकडे, कोणाचे फॉर्म आले त्याची यादी त्या शिक्षकांकडे. माझी यादी इनपेजमधून कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणली. त्यांनी त्यांची फोनवर टाइप केली, आणि फोनमध्ये उर्दू कीबोर्ड नव्हता म्हणून अरबी वापरला. दोन्ही याद्या एक्सेलमध्ये लावून जुळवल्या. जिचं नाव दोन्हीकडे नाही ती बाद. नववीतल्या एका मुलीचं नाव जुळलं नाही. तिचं नाव काफने सुरू होतं.

तिसऱ्या दिवशी ती आली. "सर, माझं नाव का नाही?" मी म्हणालो, तू फॉर्म दिलाच नाहीस. ती म्हणाली दिला. मी स्क्रीन तिच्याकडे वळवून दाखवली. हे बघ, कॉम्प्युटर सांगतोय. तिचे वडील केळीच्या गाडीवर हमाली करायचे. ती वाद घालणारी मुलगी नव्हती, गेली. आठवड्याने कपाटात गठ्ठा लावताना फॉर्म सापडला, व्यवस्थित भरलेला, वडिलांच्या अंगठ्यासह. तोवर याद्या गेल्या होत्या. आम्ही तिघा-चौघा शिक्षकांनी पैसे काढून तिची फी भरली आणि विषय संपवला. काय झालं ते मला कळलं नाही. "कॉम्प्युटरची गडबड" असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं.

ईदच्या त्या दुपारी भाचा माझ्या मुलीला विममध्ये न दिसणारी अक्षरं कशी दिसतात ते दाखवत होता. एक आज्ञा दिली की टॅबच्या जागी खूण उमटते. दुसरी अशी की कर्सर ज्या अक्षरावर असेल त्याचा क्रमांक खाली येतो. मी विचारलं, उर्दूचा येतो? जुन्या पेनड्राइव्हमध्ये ती एक्सेल फाईल अजून होती. त्याने दोन्ही याद्यांमधलं तिचं नाव उचलून आणलं आणि पहिल्या अक्षरावर थांबला. एका यादीतला काफ १७०५. दुसऱ्या यादीतला १६०३. एक उर्दू-फारसीचा काफ, एक अरबी काफ. शब्दाच्या सुरुवातीला दोघांचा आकार तोच. 'ये' या अक्षराची हीच तऱ्हा, १७४० आणि १६१०. माणसाला एक, यंत्राला दोन. बाकीच्या मुली वाचल्या त्या योगायोगाने, त्यांच्या नावांत ही अक्षरं नव्हती.

मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिलो. कॉम्प्युटरची गडबड नव्हती. आम्ही दोघं शिक्षक एकमेकांशी बोललो नव्हतो, एवढंच.

म्हणून आता या वादाला मी फालतू म्हणणार नाही. पण त्याचे दोन तुकडे करीन. एडिटरचं भांडण हे खरोखर चवीचं भांडण आहे. कोणी विममध्ये लिहो, कोणी ईमॅक्समध्ये, कोणी नोटपॅडमध्ये. रिचर्ड स्टॉलमन हे ईमॅक्सचे कर्ते भाषणांत डोक्यामागे प्रभावळ लावून ईमॅक्सच्या पंथाचे संत बनून येत, ते गमतीपुरतं ठीक. तुमचं हत्यार तुमच्या हाताला बसलं की झालं, शेजाऱ्याला त्याचा त्रास नाही. (विमचे कर्ते ब्राम मूलेनार २०२३ मध्ये वारले. डच माणूस. विम फुकट दिलं, पण उघडल्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ दिसते. भाच्याने दाखवली. मला तो माणूस आवडला.) टॅब की स्पेस हे मात्र फाईलच्या आत उतरतं, आणि फाईल दुसऱ्याकडे जाते. इनपेज वापरणं हा माझा हक्क होता. माझ्या फाईलमध्ये कोणता काफ आहे हे न सांगता यादी पुढे देणं हा नव्हता.

पायथॉनच्या लोकांनी हे समजून केलं असं दिसतं. जुनं पायथॉन सरमिसळ गुपचूप चालवून घ्यायचं. टॅब म्हणजे आठ घरं धरायचं, तुमच्या एडिटरमध्ये चारच दिसत असतील, आणि प्रोग्राम तुम्हाला दिसतो त्यापेक्षा वेगळा अर्थ घेऊन चालायचा. २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ ने सरमिसळीला सरळ एरर दिला. माझ्या मुलीला तो एरर म्हणजे संकट वाटलं होतं. मला विचाराल तर तिचं नशीब. एक्सेलने मला एरर दिला नव्हता, फक्त 'नाही' म्हटलं होतं, आणि मी ते खरं मानलं. पायथॉनच्या लेखनशैलीच्या नियमावलीत चार स्पेस सुचवल्या आहेत, पण आधीचा प्रोग्राम टॅबमध्ये असेल तर टॅबच ठेवा असंही म्हटलं आहे. लिनक्सच्या गाभ्यात उलट, तिथे टॅब, आणि तोही आठ घरांचा. गो नावाची भाषा २००९ मध्ये आली, तिच्याबरोबर एक साधनच येतं, जे ओळी स्वतः टॅब लावून नीट करून ठेवतं. म्हणजे वेगवेगळ्या मोहल्ल्यांचे वेगवेगळे नियम. पण नियम लिहिलेला आहे आणि नव्या माणसाला दाखवला जातो. आमच्या शाळेत तो कुठे लिहिला होता?

यावर कोणी म्हणेल, मग एकच प्रमाण ठरवा आणि सगळ्यांनी मुकाट्याने पाळा. इथे मी थांबतो. प्रमाण ठरवणारा कोण, हे बघावं लागतं. फोनवर वर्षानुवर्षं उर्दू नस्खमध्ये दिसली ती उर्दूवाल्यांना विचारून नाही, नस्ख यंत्राला सोपी म्हणून. नस्तालिकसाठी मी भांडलो त्यात हटवादीपणा होता, पण मुद्दा खोटा नव्हता. मराठीवाल्यांनी हेच भोगलं आहे. फोनवर, पाट्यांवर, पुस्तकांत ल आणि श हिंदी वळणाचे येऊ लागले. यावर मराठीप्रेमी चिडतात तेव्हा माझे काही उर्दूवाले मित्र हसतात, 'ल'च्या पाकळीवरून काय भांडता? त्यांना मी विचारतो, आणि तुम्ही नस्तालिकच्या तिरपेपणावरून? राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुधारून पुन्हा काढला, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श घेतला. शासनाला अक्षराच्या देठावर कागद खर्च करावासा वाटला, कारण लोक बोलत राहिले.

गंमत अशी की युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल हे एकच अक्षर आहे. क्रमांक एक. कोणत्या वळणाचा दाखवायचा ते फॉन्ट ठरवतो. फाईलमध्ये अर्थ, पडद्यावर रूप. टॅबवाल्यांचा मुद्दा नेमका हाच आहे. टॅब म्हणजे 'एक पायरी आत', ती पायरी किती रुंद दाखवायची ते वाचणारा आपल्या पडद्यावर ठरवील. चार स्पेस दिल्या की माझ्या डोळ्याचं माप मी सगळ्यांवर लादलं. माझ्या मुलीने नंतर शोधून सांगितलं की काही दृष्टिहीन प्रोग्रामर ब्रेल पट्टीवर वाचतात, तिथे प्रत्येक स्पेस एक घर खाते. तीन पायऱ्या आत गेलं तर बारा घरं रिकामी. टॅब असेल तर तीन.

हे ऐकून मला आमचा एक माजी विद्यार्थी आठवला. दिसत नाही त्याला. नंदुरबारला राहून स्पर्धा परीक्षा देतो. त्याने माझ्या मराठी व्याकरणाच्या नोट्स मागितल्या होत्या, मी अभिमानाने पाठवल्या. बारा वर्षांच्या नोट्स, जुन्या फॉन्टमधल्या. त्याच्या फोनने त्या वाचल्या त्या इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं अशा. कारण त्या फॉन्टमध्ये 'क' दिसतो तिथे आत मराठी अक्षर नसतंच, इंग्रजी कीबोर्डवरचं कुठलं तरी चिन्ह मराठी कपडे घालून बसलेलं असतं. तो इतका सभ्य की मला म्हणाला, सर, माझा फोन जुना आहे. त्यामुळे माझा कल टॅबकडे आहे, भाच्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, मामू, तुम्ही प्रोग्रामिंग करत नाही म्हणून बरं आहे.

मराठीतही दोन काफांसारखी जोडी सापडली. 'दुसऱ्या' मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात टिंबाचा ऱ, म्हणजे २३५३, दुसऱ्यात साधा र, २३५२, आणि त्याच्यामागे एक अजिबात न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर एकच. शोधायला गेलात तर एकाला दुसरा सापडेलच असं नाही. तुमच्या शाळेच्या यादीत मोऱ्या, चौऱ्याऐंशी, दऱ्या असलं काही असेल तर बघून घ्या.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी एक पान टाइप करून स्टाफरूममध्ये लावलं. उर्दूसाठी कोणता कीबोर्ड, मराठीसाठी कोणता, याद्या फक्त युनिकोडमध्ये, आणि याद्या नावावर नाही तर हजेरी क्रमांकावर जुळवायच्या. इनपेज मी सोडलेलं नाही. भिंतीवरच्या अंकाला, निकालपत्राच्या मथळ्याला अजून तेच. तो तरुण शिक्षक, आता तोही तरुण राहिलेला नाही, पान वाचून म्हणाला, "सर, हे तेव्हाच बोललो असतो तर." मी म्हणालो, तुझा काफ अरबी होता. तो म्हणाला, तुमची फाईल उघडत तरी होती का?

त्या मुलीला फोन केला. धुळ्याला नर्सिंग करते. १७०५ आणि १६०३ ची हकिकत सांगितली, माफी मागितली. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, मला वाटायचं त्या दिवशी वर्गात मी हसले होते ना, त्याचा तुम्हाला राग आला असेल."

मला तर ती कधी हसली होती तेही आठवत नाही.